घासलेला नंबर

...दुर्बिणीच्या कड्यावरचे आकडे बंदुकीवरच्या आकड्यांशी जुळत होते, पण त्यांच्याखालचं लोखंड बोटाला नको इतकं गुळगुळीत लागलं आणि उपेंद्रचा अंगठा तिथेच थांबला. आखातातल्या रास अल खोरच्या या गोदामात सैन्यानं विकून टाकलेल्या जुन्या स्नायपर रायफली त्याच्याकडे तपासणीला येत. प्रत्येकीची दुर्बीण तिच्यावरच जुळवलेली, म्हणून दोघींवर एकच नंबर. दुर्बीण बदललीच तर जुन्या नंबरावर एक आडवी रेघ मारायची नि शेजारी नवा ठोकायचा — जुना वाचता आला पाहिजे, असा शिरस्ता. इथे कुणीतरी जुना पार घासून काढला होता.

"मॅच होतोय ना? मग खलास, पास कर," सदानंद, त्याचा सुपरवायझर, म्हणाला. "संध्याकाळी वहिनी लँड होणार आणि नवरदेवाचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा!"

वहिनी म्हणजे अनुपमा. पहिली बायको वीणा, तिला जाऊन दीड वर्ष झालं. पोरीला आई हवी, असं सगळे म्हणत राहिले आणि शेवटी तोही म्हणू लागला. पुण्यात साधंसं लग्न झालं, आज ती कायमची इकडे येणार... म्हणून काल त्यानं वीणाच्या साड्या अजमानला मित्राकडे पोचवल्या, फोटो उतरवला, मसाल्याच्या डब्यांवरच्या तिच्या अक्षरातल्या चिठ्ठ्यासुद्धा ओल्या फडक्यानं खरवडल्या — नव्या माणसाला कुठे काही टोचू नये. भलं करायला गेला बिचारा! आणि सकाळी नऊ वर्षांची मिहिका, दप्तर पाठीला, रिकाम्या भिंतीकडे बघत म्हणाली, "बाबा, व्हेअर डिड यू पुट हर?"

"चल, बस येईल," तो म्हणाला होता.

मी पोरीची आई पुसून टाकली... माझ्या हातानं. "सदाभाऊ, ही नाही पास होत," म्हणत त्यानं रायफल बाजूला ठेवली.

फोटो परत लावायचा. अनुपमा समजूतदार आहे, समजून घेईल. आणि मिहिकाला सांगायचं, आई तुला सकाळी कशी उठवायची ते — "मिहू, ऊठ गं..." त्यानं डोळे मिटले. वीणाचा आवाज ऐकू यायची वाट पाहिली.

आवाज आला, अगदी स्पष्ट. पण तो काल फोनवर "मिहू झोपली का हो?" असं विचारणाऱ्या अनुपमाचा होता. त्यानं पुन्हा कान दिला, जिवाच्या आकांतानं... पुन्हा तोच.