कंपनीची वीज

वहिनीनं प्लगकडे हात नेला, तोच मॅनेजर म्हणाला, "तो सॉकेट कंपनीचा आहे. बाहेरच्या यंत्रांना वीज द्यायची नाही, असा नियम आहे."

नियम त्याच सकाळी जन्माला आला असणार. कारण त्याच्या शेजारी बसलेल्या लेखनिकाचा लॅपटॉप खुशाल वायर लावून बसला होता, आणि तो लेखनिक काही कारखान्यात नोकरीला नव्हता. पॉवर बँक आणि मोबाइल गेटवरच काढून घेतले होते. जेवणाच्या सुट्टीत बाहेर जाऊन चार्ज करावं, तर एकदा गेलेल्याला परत आत घेणार नाहीत, हेही सांगून झालं होतं.

"बरं," वहिनी म्हणाली आणि वायर गुंडाळून पिशवीत टाकली. तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण ती दाखवायची ही जागा नव्हती.

कारखान्यात सगळेच तिला वहिनी म्हणत, कारण तिची नणंद तिथं कटिंग मशीनवर अकरा वर्षं होती. दोन महिन्यांपूर्वी त्या मशीननं नणंदेच्या उजव्या हाताची दोन बोटं नेली. पात्यावरची जाळी तिनं स्वतःच काढली, असं कंपनीचं म्हणणं. जाळी तुटल्याचं मी तीनदा सांगितलं होतं, असं नणंदेचं. आज त्याची चौकशी होती, आणि नणंदेच्या बाजूनं टाइप करायला वहिनी आली होती. दोन्ही बाजूंनी टाइप केलेली नोंद पाच वाजता चौकशी अधिकाऱ्यांच्या हवाली करायची. ज्याची नोंद नसेल त्याला समोरच्याची मान्य आहे, असं धरलं जाणार होतं. बोटं तर गेलीच होती. आता दोषही नणंदेच्याच माथी बसून नोकरी जायची वेळ आली होती.

"तरी म्हणत होते, दादाचा नवा लॅपटॉप घेऊन ये," नणंद पुटपुटली. "हे डबडं जेवणाच्या आत मान टाकणार."

डबडं आठ वर्षांचं होतं, एका ऑफिसनं टाकून दिलेलं. वहिनीनं त्यावर लिनक्स ही फुकटची प्रणाली घातली, तेव्हा बॅटरी जेमतेम दोन तास टिकायची. घरादारानं नाकं मुरडली. फुकटातलं ते असंच, म्हणाले. पण वहिनी हट्टाला पेटली की पेटली. कोण किती वीज खातं ते दाखवणारा एक प्रोग्राम लावून ती एकेका खादाडाच्या मागे लागली. ब्लूटूथ बंद केलं, कॅमेरा बंद केला, खेळांसाठीचं जादा ग्राफिक्स कार्ड कायमचं झोपवलं. रोजचं चार्जिंग ऐंशी टक्क्यांवर थांबवून बॅटरीची तब्येत राखली. आता पूर्ण भरली तर ती पाच तास चालायची. लोकांचे अर्ज आणि प्रबंध टाइप करायला तेवढे रग्गड होते. आज तर तिनं शंभर टक्के भरून आणली होती.

पण चौकशी दहा ते पाच होती. मधली सुट्टी तासाची.

एक वाजता चाळीस टक्के उरले. वहिनीनं झाकण मिटलं आणि घास चावता चावता हिशोब केला. उरलेत दोन तास, हवेत तीन. बंद करण्यासारखं एकच उरलं होतं, आणि तोच सगळ्यात मोठा खादाड होता.

दोन वाजता तिनं पडद्यामागचा दिवा शून्यावर नेला. पडदा काळाठिक्कर झाला आणि ती टाइप करू लागली. टायपिंगच्या वर्गात बाई मुलींच्या हातांवर फडकं टाकून टाइप करून घ्यायच्या, तेव्हा तिनं त्यांना मनातल्या मनात लाखोली वाहिली होती. आज तिनं त्यांना मनोमन हात जोडले.

मॅनेजरचं लक्ष गेलंच. "संपली वाटतं बॅटरी?"

"हातांना सवय आहे," वहिनी म्हणाली. "रिकामे बसवत नाही."

"चालू द्या, चालू द्या." तो लेखनिकाकडे बघून हसला.

"बंद पडलं ना?" नणंद रडवेली होऊन कुजबुजली. वहिनीनं टेबलाखाली तिच्या पायावर पाय दाबला. सांगायची सोय नव्हती, आणि खरं तर तिची तिलाही खात्री नव्हती. एखादी कळ चुकून दाबली गेली असेल, तर सगळं भलतीकडेच जात असेल. दर वाक्याला ती सेव्ह करत होती.

साडेचारला अधिकाऱ्यांनी विचारलं, "जाळी तुटल्याची तक्रार तुमच्याकडे आली होती का?"

मॅनेजरनं काळ्या पडद्यावर एक नजर टाकली आणि खुर्चीत सैलावला. "आता खरं सांगायचं तर बाई आल्या होत्या दोन-तीनदा. पण मशीन थांबवलं असतं तर माल वेळेवर गेला नसता, साहेब. हे नोंदीत नको." लेखनिकाचे हात थांबले. वहिनीचे थांबले नाहीत.

पाच वाजता लेखनिकानं नोंद वाचली. त्या प्रश्नापुढे लिहिलं होतं, 'तक्रार आली नव्हती.'

अधिकारी कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "मला तर वेगळं आठवतंय. पण माझ्या आठवणीवर निकाल देता येत नाही. दुसरी नोंद आहे?"

"कुठली असणार?" मॅनेजर म्हणाला. "यांचं यंत्र दोनलाच गेलं."

वहिनीनं कळ दाबली. पडदा उजळला. तीन टक्के. पानंच्या पानं भरली होती, चुका होत्या, पण सगळं होतं. ती उभी राहिली आणि शब्दन् शब्द वाचला. 'आल्या होत्या दोन-तीनदा' वाचलं. 'माल वेळेवर गेला नसता' वाचलं. 'हे नोंदीत नको' हेसुद्धा वाचलं, जरा सावकाशच.

नणंदेनं पट्टी बांधलेला हात मांडीवरून उचलून टेबलावर ठेवला, सगळ्यांना दिसेल असा.

"ही नोंद मी घेतो," अधिकारी म्हणाले. "अहो, त्यांना आधी प्लग द्या, नाहीतर बॅटरी जायची मध्येच."

मॅनेजर स्वतः उठला. लेखनिकाची वायर उपटून त्यानं सॉकेट मोकळा केला.

वहिनीनं पेन ड्राइव्ह लावला, फाइल उतरवली, अधिकाऱ्यांच्या हातात दिली आणि मगच लॅपटॉप मिटला.

"राहू द्या," ती म्हणाली. "कंपनीची वीज आहे. आमची पुरली."