आमचे हे

इसोबे तोमेकिची सहा वेळा निवडून आले होते आणि आजवर एकाही माणसानं त्यांना मत दिलं नव्हतं.

यात लबाडी काही नव्हती. हिवा बेटाचा मिळून एकच वॉर्ड, समोरच्या किनाऱ्यावरच्या नगरपालिकेत त्याची एकच जागा. दर चार वर्षांनी अर्ज भरायच्या दिवशी संध्याकाळचे पाच वाजायचे, दुसरा कुणी आलेला नसायचा, आणि पाच वाजून एक मिनिटानं तोमेकिची बिनविरोध. सव्वापाचला साकेची बाटली उघडलेली. अशी चोवीस वर्षं. कोटावरचा नगरसेवकाचा बिल्ला ते मासे वाळत घालतानाही काढत नसत.

या खेपेला मात्र पाचला वीस मिनिटं कमी असताना धक्क्यावरच्या किराणा दुकानाच्या फुमिए लिपस्टिक लावून गेल्या आणि अर्ज भरून आल्या. तोमेकिचींच्या चुलतभावाची ही विधवा. म्हणजे त्याही इसोबेच.

"वहिनी, हे काय काढलंत?" तोमेकिचींनी दुकानात जाऊन विचारलं.

"तीन दहाची बोट," फुमिए सोयाबीनची पाकिटं मांडत म्हणाल्या. "पलीकडून परत येणारी. ती बंद करायला तुम्ही हात वर केलात ना सभेत?"

"सगळ्यांनीच केला."

"सगळे पलीकडेच राहतात. त्यांना कशाला हवी बोट?"

त्या दिवशी सभेत चहा आला होता आणि कपासाठी हात पुढे केला की ठरावासाठी, हे तोमेकिचींना आता नीट आठवतही नव्हतं. बाकी ते स्वतः जात नगरपालिकेच्या लाँचनं.

खरी अडचण पुढेच होती. मतपत्रिका कोरी मिळते, पेन्सिलीनं उमेदवाराचं नाव स्वतः लिहायचं. बेटावर एकशे चाळीस मतदार, त्यातले शंभरावर इसोबे, त्यामुळे आडनावानं कुणी कुणाला ओळखतच नाही. विहीरवाले, वरच्या पायरीचे, अशी घराची नावं. तोमेकिचींचे आजोबा तंबाखू विकायचे, म्हणून हे तंबाखूवाले. चोवीस वर्षं गावाचे प्रतिनिधी, आणि गावाला त्यांचं नाव ठाऊक नाही.

मग निघाले घरोघर, स्वतःचं नाव शिकवत.

"तोमेकिची?" अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या किकुआजींनी कानामागे हात धरला. "ते तर तुझे आजोबा."

"आजोबा तोमेझो. मी तोमेकिची."

"हां. तोमे म्हणजे थांब. तुझ्या आईनं पाच पोरांनंतर 'आता पुरे' म्हणून ठेवलेलं नाव. आणि त्यानंतर दोन पोरी झाल्या." आजी समाधानानं हसल्या. "तुझं पहिल्यापासून कुणी ऐकलं नाही रे. जा, तुलाच देईन मत."

घरोघर हेच ऐकलं. तुम्हालाच. तोमेकिचींनी वहीत खुणा केल्या, एकशे अठरा भरल्या. फुमिएंच्या वहीतही साधारण तेवढ्याच होत्या, हे त्यांना माहीत नव्हतं.

बायकोच्या नावापुढे खूण करायचं त्यांना सुचलंही नाही. तायेको सेहेचाळीस वर्षं त्यांना 'अहो' म्हणत होत्या. प्रचारात त्यांनी भाताचे मुटके वळले, आल्यागेल्याला बार्लीचा चहा दिला, आणि गुडघ्यांसाठी दर गुरुवारी पलीकडच्या डॉक्टरांकडे जायच्या तशा जात राहिल्या.

मतमोजणी दुसऱ्या दिवशी सकाळी, बंद पडलेल्या शाळेच्या हॉलमध्ये. बघ्यांना दोरीच्या अलीकडे बसायचं. तोमेकिचींनी बोटीवरची दुर्बीण आणली होती. नगरपालिकेचे मुनेकाता नावाचे कारकून कागद उलगडून ढीग लावत होते. फुमिएंचा ढीग, तोमेकिचींचा ढीग, आणि मध्ये तिसरा.

"हा कुणाचा?" फुमिएंनी दोरीवरून विचारलं.

"नुसतं 'इसोबे' लिहिलेल्यांचा. छत्तीस आहेत."

हॉलमध्ये बसलेले छत्तीस लोक खिडकीबाहेर बघायला लागले. नाव विसरलेला त्यांतला एकही नव्हता. उद्या दुकानात फुमिएंना तोंड दाखवायचं, परवा धक्क्यावर तोमेकिचींना, आणि दोघांनाही डोळ्याला डोळा भिडवून सांगायचं, की मत तुम्हालाच दिलं. असली मतं उमेदवारांत वाटली जातात, ज्याची नावानिशी मतं जास्त त्याला थोडा मोठा तुकडा. मुनेकातांनी हिशेबाचं यंत्र काढलं.

तेवढ्यात शेवटचा कागद. मुनेकातांनी तो उलटा धरून पाहिला, मग सुलटा.

"यावर 'आमचे हे' असं लिहिलंय."

कुणीतरी खोकलं. "कुणाचे हे?"

"तेच विचारतोय. मतदाराला विचारता येत नाही, गुप्त मतदान आहे."

तोमेकिचींनी दुर्बीण लावली. 'हे'ची शेपटी वर वळलेली होती. लोणच्याच्या बरण्यांवरच्या चिठ्ठ्यांवर ते ती शेपटी सेहेचाळीस वर्षं बघत होते. उठून सांगावं, की ते 'हे' म्हणजे मी? म्हणजे घरातल्या बाईनंही नाव लिहिलं नाही, हे अख्ख्या गावासमोर कबूल करायचं. त्यांनी दुर्बीण डोळ्यांवरून काढली, आणि हात कुठे ठेवावा हे न कळून बिल्ल्यावर ठेवला.

"बाद," मुनेकाता म्हणाले.

नावानिशी फुमिए अठ्ठेचाळीस, तोमेकिची सत्तेचाळीस. वाटणी करून सहासष्ट पूर्णांक एकशे एकोणनव्वद सहस्रांश आणि चौसष्ट पूर्णांक आठशे दहा सहस्रांश. ते एक मत धरलं असतं तर बरोबरी होऊन चिठ्ठी टाकावी लागली असती.

घरी तायेको विणत बसल्या होत्या.

"पडलो," तोमेकिची म्हणाले. "एक मत बाद झालं. 'आमचे हे' लिहिलं होतं कुणीतरी."

"मग कळलं नाही का त्यांना?"

"बेटावर साठ नवरे आहेत."

"माझा एकच आहे."

"नाव समोर भिंतीवर लावलं होतं, तायेको. एवढ्या मोठ्या अक्षरात."

"वाचलं की. चष्मा होता." सुया चालूच. "फुमिएचं लिहायला हात धजेना. तुमचं लिहायला लागले तर गुरुवार आठवला. दवाखाना अडीचला सुटतो. तेव्हापासून पाच चाळीसच्या बोटीपर्यंत त्या बाकावर मी काय करते, विचारलंत कधी?"

"काय करतेस?"

"मोजे विणते. एवढे मोजे कुठून येतात वाटलं तुम्हाला?"

तोमेकिचींनी पायांकडे पाहिलं. वर्षभरात अकरा जोड झाले होते. दुकानातून आणत असेल, एवढाच त्यांनी विचार केला होता, आणि तोही आता, या क्षणी.

मग त्यांनी बिल्ला काढला आणि सुयांच्या डब्यात ठेवला.

गुरुवारी सकाळी धक्क्यावर तायेकोंच्या मागे लोकरीची पिशवी घेऊन ते उभे होते. दुकानाच्या दारातून फुमिएंनी वाकून नमस्कार केला. "बोटीचा अर्ज लिहिलाय. तुमची सही पहिली हवी."

"सही करतो. पण तंबाखूवाले लिहू की तोमेकिची?"

"दोन्ही लिहा. कुणाला तरी कळेल."

किकुआजी काठी टेकत आल्या. "वाईट झालं रे. मी मात्र तुलाच दिलं हो मत."

"मिळालं, आजी," तोमेकिची म्हणाले. "अर्ध्याहून जरासं कमी."

तायेको बोटीच्या फळीवर पोचल्या होत्या. "अहो," त्यांनी मागे वळून हाक मारली, आणि धक्क्यावरच्या तिघा म्हाताऱ्यांनी एकदमच वर पाहिलं.

तोमेकिची पिशवी सावरत पुढे झाले. "मला," ते त्या तिघांना म्हणाले.