इज्जाने न धुतलेली पाटी

मित्रांनो, अक्रोडाच्या फळीतून घडलेली मी एक म्हातारी पाटी. वय विचारू नका. दादेस नदीच्या खोऱ्यातल्या आमच्या गावी इज्जाच्या पणजोबांनी मला सुताराकडून करून घेतले, तेव्हा नदीवर पूलही नव्हता.

माझे काम साधे. सकाळी मशिदीशेजारच्या मसीदमध्ये, म्हणजे मुलांच्या पाठशाळेत, मला पांढरी माती फासून भिंतीशी उन्हात वाळवायचे. मग मुलाने बोरूने, जळक्या लोकरीच्या शाईने माझ्यावर धडा लिहायचा आणि तोंडपाठ म्हणून दाखवायचा. तो बिनचूक आला की फकीह, आमचे गुरुजी, म्हणत, "धू." हा एक शब्द ऐकण्यासाठी मुले जिवाचा आटापिटा करत. माझ्यावरून धुतलेले पाणी कुणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून अंजिराच्या मुळाशी ओतत. असा माझा मान होता.

पणजोबा, आजोबा, मग वडील बास्सू असे सगळे माझ्यावर शिकले आणि सहा वर्षांची इज्जा माझ्याकडे आली. लहान मुलांसाठी फकीह सी अय्याद बोरूच्या बोथट टोकाने मातीत अक्षरे कोरून देत. मुलांनी त्या चरांतून शाई फिरवायची. इज्जाची शाई कधी चराबाहेर गेली नाही. एकदा ऐकलेले ती विसरत नसे. गावात तिच्याइतक्या वेळा कुणाचीच पाटी धुतली जात नव्हती. खोटे कशाला बोलू, मला त्याचा फार गर्व होता.

सरकारी शाळेत मात्र ती दुसरीत दोनदा नापास झाली. तिथले मास्तर तिला आळशी म्हणत. बास्सूचे सायकली आणि मोपेड दुरुस्त करायचे दुकान होते. पोर मुद्दाम करते असे त्याला वाटे. तो म्हणे, "मसीदमध्ये तोंड कसं चुरूचुरू चालतं? शाळेतच बरी दातखीळ बसते." त्याने तिला आठवड्याच्या बाजाराला नेणे बंद केले. इज्जा भिंतीकडे तोंड करून पुस्तक धरून बसे आणि पान उलटत नसे.

मला कळायला हवे होते. तिचे बोट माझ्यावरून फिरे, पण ओठ बोटाच्या पुढे धावत. मला कौतुक आवडत होते, म्हणून मी तिकडे लक्ष दिले नाही.

गुलाबतोडणीच्या दिवसांत एका सकाळी मुलांना घाई होती. भिंतीशी वाळत ठेवलेल्या पाट्यांतून इज्जाने माझ्याऐवजी तिच्या मैत्रिणीची, तूदाची पाटी उचलली. ती फकीहांपुढे बसली आणि त्या पाटीवर बोट फिरवत स्वतःचा धडा सुरुवातीपासून शेवटपर्यंत बिनचूक म्हणाली. फकीह "धू" म्हणणार तोच तूदा मला घेऊन उभी राहिली.

"सी अय्याद, ही माझी पाटी नाहीये. माझी इज्जाकडे आहे."

मुले खदाखदा हसली. फकीहांनी हात वर करून त्यांना गप्प केले. त्यांनी इज्जाच्या समोरच्या पाटीवर एका अक्षरावर बोट ठेवले. तिला ते ओळखता आले नाही. दुसऱ्यावर ठेवले, तेही नाही. मग मान खाली घालून ती म्हणाली, "कुठले ठिपके कुठल्या अक्षराचे, तेच कळत नाही. कुणी म्हटलेलं ऐकलं की येतं."

त्याच दुपारी फकीह मला काखेत घेऊन बास्सूच्या दुकानात गेले. "तुझी लेक वाचत नाही, बास्सू. ती ऐकते," एवढेच ते म्हणाले. बास्सूने हातातला पाना खाली ठेवला. त्या बाजारच्या दिवशी त्याने इज्जाला मोपेडवर पुढ्यात बसवून नेले.

पण आता पुढे काय करायचे? इज्जाच्या आत्याचे म्हणणे, पोरीचे हात चांगले आहेत, तिला गालिच्याच्या मागावर बसवा, वर्षे वाया का घालवता? इज्जाने ते ऐकले आणि त्या दिवशी ती जेवली नाही. बास्सूने मग शहरातल्या नावाजलेल्या शाळेत तिला नेले. संगमरवरी पायऱ्या, पहिलीपासून तीन भाषा. प्रवेशपरीक्षेत इज्जाने दोन तासांत तीन ओळी लिहिल्या. असे मूल आमच्याकडे एकही नाही, हे तिथल्या मुख्याध्यापकांनी अभिमानाने सांगितले. बास्सू पायऱ्या उतरला.

शेवटी दीड तासावरच्या एका सरकारी शाळेत अशा मुलांसाठी वेगळी खोली आहे, असे कळले. खोलीचा रंग उडाला होता. तिथल्या सलवाबाईंनी बास्सूला काही विचारले नाही. त्यांनी इज्जाला विचारले, "तुला काय सोपं जातं?"

इज्जाने मला पुढे केले. बाईंनी माझ्या मातीत बोथट टोकाने एकच अक्षर कोरले आणि तिला डोळे मिटून त्यात बोट फिरवत त्याचा आवाज काढायला सांगितले. मग ठिपका. मग पुन्हा तेच.

"बरी कधी होईल?" बास्सूने विचारले.

"आजारी नाहीये, तर बरी कशाला होईल? वाचायला शिकेल. पण सावकाश. परीक्षेत तिला जास्त वेळ मिळेल, काही उत्तरं तोंडी देता येतील. घरी मात्र घाई करायची नाही."

बास्सू आठवड्यातले तीन दिवस तिच्याबरोबर जाऊ लागला आणि दुकान दुपारनंतर उघडू लागला. गिऱ्हाइके म्हणत, "काय बास्सू, तूही पहिलीत बसलास वाटतं?" तो म्हणे, "बसलोय. नापास होतोय." मीही रोज पिशवीतून जात असे. एकेका अक्षरासाठी आठवडा लागला. शिकलेली काही अक्षरे इज्जा विसरली आणि रडली.

दीड वर्षाने फकीहांनी तिला बोलावले. ते आता थकले होते. त्यांनी स्वतः मला माती फासली, वाळवले आणि शाईने दोन ओळी लिहिल्या.

"हे तू कधी ऐकलेलं नाहीस. वाच."

इज्जाने बोट ठेवले. शेजारी बसलेल्या बास्सूचे ओठ हलू लागले, तेव्हा फकीहांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. तिचे बोट जाई, थांबे, मागे येई. ठिपका चाचपून पाही.

"चूक... तुझी... नव्हती... पोरी. मी... नुसतं... ऐकत... राहिलो."

ती अख्खे धडे घडाघडा म्हणत असे तेव्हा बास्सूच्या डोळ्यांत कधी पाणी आले नव्हते. आज त्याने तेलकट बाहीने डोळे पुसले. फकीह सवयीने म्हणाले, "धू."

इज्जा मला अंजिराखाली घेऊन गेली. तिने तांब्या भरला, पाणी झाडाच्या मुळाशी ओतले आणि मला न धुता तसेच घरी आणले.

मित्रांनो, तुमच्या घरी किंवा वर्गात एखादे मूल वाचत नसेल, तर त्याला आळशी म्हणण्याआधी त्याचे बोट कुठल्या अक्षरावर आहे ते पाहा. त्याच्यासाठी शाळा शोधाल, तेव्हा पायऱ्या मोजू नका. ती शाळा मुलाला काय विचारते, ते ऐका. माझी एवढीच विनंती आहे.

न धुतलेल्या पाटीवर नवा धडा लिहिता येत नाही, त्यामुळे माझे काम आता संपले. मी खिळ्यावर असते. इज्जा जाता-येता बोट ठेवून त्या ओळी वाचते. अजूनही ‘नव्हती’पाशी ती अडते, श्वास घेते आणि पुढे जाते.