हिरव्या दिव्याचा कौल

चऱ्होलीच्या अर्जुनरावांच्या दारात सकाळपासून माणसांची रीघ लागली होती. सगळ्यांच्या नजरा एका जुन्या विजेच्या गाडीवर. बॉनेटवर हळदीकुंकू, आरशाला लिंबू-मिरची आणि चार्जरच्या डबीवर जळणारा लाल दिवा.

मध्यंतरी ही गाडी दारात चार्ज होईना. सर्व्हिस सेंटरला नेली की व्हायची, दारात आणली की पुन्हा लाल दिवा. मग दीपनाथ महाराज आले. अंगणाच्या कोपऱ्यात त्यांनी घागरभर तीर्थ ओतलं आणि लाल दिवा हिरवा झाला! तेव्हापासून लोक त्यांना चार्जिंगबाबा म्हणू लागले.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. मी साधना, शेजारीच राहते, शाळेत विज्ञान शिकवते. पण या बाबाने दिव्याचा चक्क कौल करून टाकला होता. अर्जुनरावांच्या पत्नी अंबुबाईंची मूत्रपिंडं निकामी झालेली. त्यांना नेमाने थेरगावला डायलिसिसला न्यावं लागे. बाबाने फर्मान काढलं: निघण्याआधी गाडी चार्जिंगला लावायची. दिवा हिरवा, तर देवीची परवानगी. लाल, तर अंबुबाईंना घराबाहेर काढायचं नाही, फक्त तीर्थ पाजायचं. लागोपाठ दोनदा दिवा लाल लागला आणि दोन्ही वेळा अंबुबाई घरीच राहिल्या. आज पुन्हा लाल.

अंबुबाई ओट्यावर उशीला टेकून बसल्या होत्या. पाय सुजलेले, चेहरा फुगलेला, एकेका शब्दाला धाप. मला खरंच भीती वाटली.

"रणजीत, रिक्षा बोलाव. आत्ता!" मी त्यांच्या मुलाला म्हणाले.

रणजीत चाकणच्या एका कंपनीत सुपरवायझर आहे. त्याने मान खाली घातली. "मॅडम, मलापण कळतंय. पण देवी नको म्हणत असताना नेलं आणि वाटेत काही झालं तर?"

"आमी तुळस हलवली, त्येचा कोप हाय," अर्जुनराव म्हणाले. "घरात फ्रिज चालतोय, टीव्ही चालतोय. मग गाडीच कशी घेत न्हाई लाईट?"

"बाई, तुमची वीज तारेतून येते," अंबुबाईंच्या शेजारी बसलेले बाबा गरजले. "माझी पाताळातून येते! धन आणि ऋण यांचं मीलन झालं की कॉस्मिक पॉवर..."

पुढचं ना संस्कृत होतं ना मराठी. बोलता बोलता त्यांनी तीर्थाचा पेला अंबुबाईंच्या ओठांना लावला. मी तो हिसकावून घेतला, बोट बुडवून चाखलं. खारट!

"अहो, डॉक्टरांनी यांना मीठ बंद केलंय, पाणीसुद्धा मोजून द्यायला सांगितलंय. आणि तुम्ही मिठाचं पाणी पाजताय?" माझा संताप संताप झाला. पण त्याच क्षणी डोक्यात दुसरी शंका आली. "अर्जुनराव, तुळस कुठं होती?"

बाबा तीर्थ ओतायचा त्याच कोपऱ्याकडे त्यांनी बोट दाखवलं. गाडी लावायला जागा हवी म्हणून तुळस गच्चीवर गेली होती आणि अंगणभर सिमेंटचे ब्लॉक बसले होते. त्या कोपऱ्यात ब्लॉकांमधे एक लोखंडी झाकण. मी ते उचललं. आत ठणठणीत कोरडी माती, तिच्यात पुरलेला पाइप आणि मीटरकडून आलेली हिरवी वायर. घराच्या अर्थिंगचा खड्डा.

"महाराज, तीर्थात शक्ती आहे ना? मग बॉनेटवर ओता आणि दिवा हिरवा करून दाखवा."

"देवीची परीक्षा घेता?" बाबा म्हणाले, पण नजर झाकणावर होती.

"मग मी घेते."

स्वयंपाकघरातलं मीठ नळाच्या पाण्यात कालवून मी बादली खड्ड्यात ओतली. रणजीतने चार्जर काढून पुन्हा लावला. लाल. गर्दीतून कुणीतरी फिस्सकन हसलं. तरी मी दुसरी बादली ओतली. पाणी हळूहळू मुरलं. रणजीतने पुन्हा चार्जर लावला.

हिरवा!

"गाडीचा चार्जर आधी अर्थिंग तपासतो," मी सांगितलं. "बिघाड झाला तर करंटला जमिनीत जायला वाट आहे का, हे तो बघतो. नसेल तर चार्जिंग सुरूच करत नाही. फ्रिज-टीव्ही अशी चौकशी करत नाहीत. माती वाळली की ती वाट बंद होते, खारट पाण्याने भिजली की खुली होते. तुळशीचं पाणी रोज इथं मुरायचं, ते तुम्ही बंद केलंत. या बाबाला हिरवा हवा असला की पाणी ओतायचा, लाल हवा असला की ओतायचा नाही. आता वायरमन बोलवा आणि अर्थिंग नीट करून घ्या, नाहीतर फ्रिजला हात लावला तरी शॉक लागेल एखाद्याला."

मी वळून पाहिलं, तर पायरीवरच्या बाबाच्या चपला नाहीशा झाल्या होत्या.

"गाडी चार्ज व्हायची वाट बघू नका," मी म्हणाले. रणजीत रिक्षा आणायला धावला. उरलेल्यांना मी एवढंच सांगितलं, "दिवा लाल झाला तर वायरमनला विचारा, माणूस आजारी पडलं तर डॉक्टरांना. आणि चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी झाकण उचलून बघा."

अर्जुनरावांनी अंबुबाईंना स्वतः आधार देऊन उठवलं. त्यांचे डोळे भरून आले होते. "चुकलो गं," ते पुटपुटले.

अंबुबाई धापा टाकत कोपऱ्याजवळ थांबल्या. लोकांनी तिथं वाहिलेल्या फुलांकडे पाहून म्हणाल्या, "इतकी वर्सं हितं तुळशीला पानी घालत हुते मी. माज्या न्हाई कुनी पाया पडलं."