तापलेला ड्रम

गेनूचा पाय गुडघ्याखालून काढावा लागला, हे डॉक्टरांनी मला भोरच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात सांगितलं आणि मी तसाच उठून बाजारात गेलो. धाकट्या भावाच्या उशाशी बसायचं सोडून बाजारात कशाला, असं कुणी विचारलं तर मला सांगता यायचं नाही. डोकं बधिर झालं होतं, कुणाच्या तरी नावानं ओरडल्याशिवाय चैन पडणार नव्हतं. मी चिमाजी लेथवाल्याच्या नावानं ओरडलो. त्याच्या दुकानासमोर उभा राहून, भर बाजारात, ह्यानं माझ्या भावाचा पाय घेतला म्हणून.

कारण तसं होतं. आमच्या मोटरसायकलचा पुढचा ब्रेक धरताना गचके द्यायचा. चाकाच्या मधोमध बसणारा ब्रेकचा बिडाचा ड्रम वाकडा झालाय म्हणून मी तो चिमाजीकडे नेला आणि त्यानं लेथवर फिरवून आतून कातून गोल करून दिला. त्याला महिना झाला असेल नसेल. वरच्या वाड्यांवरचं दूध गोळा करायचं, खिंड उतरून भाटघरच्या बाजूला आमच्या घरी यायचं, दूध गाळायचं आणि मग भोरला न्यायचं, हा आम्हा दोघा भावांचा धंदा. आळीपाळीनं गाडी चालवायचो. त्या दिवशी गेनूची पाळी होती. वळणावर त्यानं ब्रेक दाबला, चाक जागच्या जागी धरलं गेलं आणि गाडी कॅनसकट त्याच्या पायावर आली.

माझ्या आरड्याओरड्यानंतर चिमाजीच्या दुकानाकडे गिऱ्हाईक फिरकेना. मला त्याचं काही वाईट वाटलं नाही. पण एका सकाळी तो स्वतःच सायकल दामटत आमच्या दारात आला. त्याला बघून माझं टाळकं सरकलं.

"शिव्या मागनं दे," तो म्हणाला. "आधी चाक काढ. माज्यासमोर ड्रम बघ. माजं काम वाकडं निगालं तर दुकानाला टाळं लावतो."

"वाकडंच निगनार," मी म्हणालो.

गाडी स्टँडला लावली. पुढच्या बाजूनं उचलून खाली दगड सरकवला, चाक अधांतरी केलं आणि फिरवलं. ब्रेक हलकेच दाबून धरला. प्रत्येक फेरीत चाक एकाच जागी अडायचं, कुरकुरायचं, मग सुटायचं. मी चिमाजीकडे असं बघितलं की जणू कोर्टात निकाल लागला. मग चाक खोललं आणि ड्रमचं तोंड वर करून पोत्यावर ठेवलं. मोजायला घरात काही नव्हतं, म्हणून बांबूची एक कामटी तासून ड्रमच्या आत आडवी जेमतेम बसेल एवढी केली. ती थोडी फिरवली तर ढिली होऊन खाली पडली.

"बघ की," मी म्हणालो. "अंडं झालंय त्याचं."

चिमाजीनं रॉकेलचा बोळा घेऊन ड्रम आतून पुसून काढला. काजळी गेल्यावर खाली निळे डाग दिसले आणि डागांच्या मधून गेलेली केसाएवढी बारीक चीर.

"ही चीर लेथनं पडत न्हाई, बाजीराव," तो हळू आवाजात म्हणाला. "तापल्याल्या बिडावर गार पानी पडलंय. एकदा न्हाई, लई येळा. त्यानंच वाकडा झालाय ह्यो."

"पानी कोन वतनार? मुडद्या, सवताची मान सोडवायला काय बी सांगशील."

तेवढ्यात आई चहा घेऊन बाहेर आली. चिमाजी माझ्या शाळेतला, म्हणून माझ्या बोलण्याकडे लक्ष न देता तिनं त्याच्यासाठी चहा टाकला होता. "पानी ना?" ती म्हणाली. "म्या घालते की. रोज."

आमच्याकडे बैल लांबून दमून आला की त्याच्या खुरांवर पाणी घालतात. बैलजोडी विकून आम्ही मोटरसायकल घेतली, तरी आईनं रीत सोडली नव्हती. मी नाहीतर गेनू कॅन घेऊन आत जायचो, दूध गाळायला बसायचो. बाहेर आल्यावर चाक ओलं दिसायचं. आईनं धूळ धुतली असेल, एवढंच आमच्या मनात यायचं.

"हितं घालते," आईनं चाकाच्या मधोमध बोट टेकवलं. "खिंड उतरून आल्यावर लई तापल्यालं असतंय बिचारं. चर्र करतंय, वाफ निगती, मग निवतंय."

मी तिथंच उंबऱ्यावर बसलो. ज्याच्या नरड्याला हात घालायला मी इतके दिवस तडफडत होतो ते माणूस सापडलं होतं आणि हातात चहाचा कप घेऊन उभं होतं.

चिमाजीनं आता फक्त खरं ते बोलायचं, एवढंच उरलं होतं. दुकान, नाव, सगळं परत मिळत होतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे.

"पान्यानं काय व्हत न्हाई, काकी," तो म्हणाला. "माजंच चुकलं. लेथवर ड्रम नीट धरला न्हाई म्या."

आधीच्या धक्क्यातून मी सावरलो नव्हतो, त्यात हा दुसरा. ज्याला मी चारचौघांत नागडा केला, तो माझ्या आईसाठी ते पाप अंगावर घेत होता.

"खरं का रं, बाजीराव?" आईनं विचारलं.

"व्हय," मी म्हणालो.

आईनं कप खाली ठेवला. ती पोत्याजवळ बसली, ड्रममध्ये हात घातला आणि अंगठा त्या चिरेवरून हळूहळू फिरवला. तिचा चेहरा पांढरा पडत गेला.

"चुलीवरच्या तापल्याल्या खापरावर पानी सांडलं की असाच तडा जातो," ती म्हणाली. "सारा जलम चुलीपुढं गेला माजा. मला काय शिकवताय?"

ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, निदान तिला जवळ घेता आलं असतं. ती उठली, पदर डोक्यावरून घेतला आणि भोरच्या दवाखान्याच्या वाटेला लागली.

"काकी, सायकलवर बसा," चिमाजी मागून म्हणाला.

"नगं," ती म्हणाली. "आन गेनूला तुमी कायबी सांगू नगा. त्याला मीच सांगनार हाय."