आईच्या स्टुलाची हकालपट्टी

आमच्या दादाला कुणी काही शिकवू नये. शिकवलं की तो ते घरच्यांवर करून बघतो. आई गेली आणि बाबा आमच्या शिंपीकामाच्या दुकानात, कापड बेतता बेतता, गिऱ्हाइकांसमोर रडायला लागले. झालं! दादा कुठल्याशा दुःखमुक्ती शिबिराला जाऊन आला आणि म्हणाला, "माणसाच्या वस्तू हलवल्या की दुःखही हलतं. शास्त्र आहे ते."

शास्त्राने आईचा चष्मा नेला, शाल नेली, मशीनशेजारचं तिचं स्टूलसुद्धा माळ्यावर टाकलं. त्या जागी प्लास्टिकचं झाड आलं. मला कोण विचारतंय? मी पडले धाकटी.

बाबांचं रडणं थांबलं, हे खरं. दादा असा फुगला, काही विचारू नका. पण पंधरवड्यात बाबांनी शाळेच्या मास्तरांच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. बँकेतल्या बाईंचा ड्रेस त्यांच्या लेकीला बसेल एवढा शिवला.

"बाबांचं डोकं थकलंय," दादा म्हणाला. "दुकान विकून टाकू. एक जण बघायला येतोय." बाबा मशीनवर नुसता हात ठेवून बसले. दुकान गेलं तर हा माणूस खिडकीत बसून संपणार, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

आता गंमत ऐका. बाबांनी जन्मात कधी मापं लिहून ठेवली नाहीत. ते टेप लावून माप बोलायचे आणि स्टुलावरून आई हळूच शेरा मारायची. "कंबर चव्वेचाळीस." "बायको माहेरी जात नाही वाटतं!" शेरा आठवला की बाबांना माप आठवायचं. अख्खी पेठ त्यांच्या डोक्यात आईच्या टोमण्यांनी टाचलेली होती, आणि आमच्या शास्त्रज्ञाने नेमक्या टाचण्याच उपटल्या!

मी झाड उचलून बाहेर फेकलं आणि स्टूल परत जागेवर आणून ठेवलं. बाबा त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मास्तरांचा कोट उसवायला घेतला.

"छाती अडतीस," ते पुटपुटले. "तुझी आई म्हणाली होती, 'त्यातली निम्मी हवा'." ते हसले, आणि लगेच हुंदक्यावर हुंदका. हात मात्र थांबला नाही.

तेवढ्यात दादा त्या दुकान बघणाऱ्याला घेऊन आला. "बघ! पुन्हा सुरू!" तो माझ्यावर खेकसला आणि स्टूल उचलायला वाकला.

"राहू दे ते," बाबा म्हणाले. "रडू दे मला. रडताना हात बरोबर चालतो माझा." मग त्यांनी डोळे पुसून टेप घेतला आणि पाहुण्याला म्हणाले, "दुकान विकायचं नाही. आलाच आहात तर शर्टाचं माप देऊन जा."

टेप पाहुण्याच्या पोटाभोवती फिरला. "बेचाळीस," बाबा म्हणाले आणि सवयीने थांबले. स्टुलावरून कुणीच काही बोललं नाही. या नव्या माणसाचं माप ते आता कशाने टाचणार होते?

मी जाऊन स्टुलावर बसले. मला आईसारखं बोलता येत नाही.

"श्वास रोखून उभे आहेत, बाबा," मी म्हटलं. "सोडू द्या त्यांना, मग मोजा."