सलाईनचा खांब मैदानात उतरतो

मी सलाईनचा खांब बोलतोय. पाच चाकं, दोन आकडे, पोट नाही. जन्म कोइंबतूरच्या कारखान्यातला, नोकरी कोळिकोडच्या इस्पितळात, मुलांच्या कॅन्सर वॉर्डात. ज्याची बाटली माझ्या डोक्यावर, त्याच्यामागे मी, अगदी न्हाणीघरापर्यंत. दाराबाहेर थांबतो, सभ्य आहे.

शहाना पंधरा वर्षांची, शाळेच्या फुटबॉल संघाची गोलकीपर. औषधांनी तिचे केस गेले, तोंड फोडांनी भरलं. मैत्रिणींचे फोन घेईना, भिंतीकडे तोंड करून पडून राही.

"दोन घोट तरी घे गं," पेजेची वाटी धरून तिची उम्मा, म्हणजे आई, आर्जवं करी. वाटी तशीच परत जाई.

शेजारच्या खाटेवर अम्मिणी, वय वर्षं सात, अर्क पोरगी! भेटायला येणारा जो तो टकल्या पोरांना लोकरीची टोपी आणतो. तीही कोळिकोडच्या उकाड्यात! अम्मिणीनं चार-पाच टोप्या एकीत एक कोंबून चेंडू केला आणि आपला खांब ढकलत शहानाकडे आली. शहानाला ती चेची म्हणे, म्हणजे ताई.

"चेची, तुझा खांब दे. गोलपोस्टला एक कमी पडतोय."

"दिसत नाही? मी बांधलीये त्याला."

"मग तूही ये. पण मध्ये लुडबुड करायची नाही."

गोलकीपरला म्हणे लुडबुड! शहाना उठून बसली. लीलाम्मा सिस्टरनं तिचे रिपोर्ट पाहिले, दोघींना मास्क बांधले. त्याआधी शहानाला तोंड बधिर करणाऱ्या औषधाची चूळ दिली.

अम्मिणीनं चेंडू मारला की शहाना मला पायानं हळूच आत सारी. गोल अरुंद!

"चीटिंग! हिचा खांब चालतोय!"

"वाऱ्यानं हलला गं."

"पंखा बंद आहे, चेची!"

शहाना इतकी हसली की गाल धरून खाली बसली. "हसवू नकोस, दुखतंय..." मग म्हणाली, "उम्मा, पेज गार झाली असेल तर दे."

उम्मानं वाटी दिली आणि पटकन पाठ फिरवून डोळे पुसले. संध्याकाळी शहानानं आपणहून कॅप्टनला फोन लावला, अम्मिणीची तक्रार करायला.

पुढे ताप आले, वाईट आठवडे आले. पण आता दोघी घरी आहेत, तपासणीपुरत्या येतात. सगळीच पोरं घरी जात नाहीत. त्यांच्याबद्दल मी थट्टा करत नाही.

माझा रंग उडालाय, नोकरी चालू आहे. वॉर्डात आलात तर हात धुऊन या, सुतकी चेहरे बाहेर ठेवा. आणि माझ्या पायावर उभं राहून एखादं पोर गाडी-गाडी खेळताना दिसलं, तर ओरडू नका. बाटली सांभाळा, आणि हळूच एक धक्का द्या.